नदी बंद होईपर्यंत

यंदाही पाणी गोठलं नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, पण बागेतल्या बादलीवर एकही दिवस बर्फाची साय धरली नाही. नुसता पाऊस. इथला पाऊस कोसळत नाही, तो येऊन बसतो, आणि बसला की उठायचं नाव घेत नाही. सकाळी डोळा उघडायच्या आधी पन्हळीतून पाणी पडायचा आवाज कानात येतो आणि अंथरुणात पडल्यापडल्या मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतो. एकोणऐंशी वर्षांचा माणूस मी, जन्म खाडीच्या काठाचा. पाण्याच्या आवाजाला मी भितो, हे लिहायला हात धजत नव्हता. म्हणून आधी तेच लिहून टाकलं.

इंग्लंडातल्या ह्या कॉव्हेंट्रीत ह्याला 'माइल्ड विंटर' म्हणतात, आणि आम्ही गळवाले ते म्हणताना नाक मुरडतो. कडक थंडी पडली की नदी निवळते, गवत मरतं, काठाची वाट टणक होते आणि दुपारी तास-दोन तास मासा खातो. असल्या ओल्या उबेत काहीच धड होत नाही. नदी दुधाच्या चहासारखी, काठ लोण्यासारखे निसरडे, शेतांतून पाणी उभं. वसंतातले पिवळे डॅफोडिल जानेवारीतच उगवतात आणि फुलल्यावर दोन दिवसांत चिखलात लोळतात. आमिषाच्या अळ्या मी मागच्या शेडमध्ये डब्यात ठेवतो. थंडी असली की त्या महिनाभर निजून राहतात. यंदा आठवड्याभरात त्यांच्या माश्या झाल्या. झाकण उघडलं तर भर्रकन तोंडावर आल्या. माझी लेक सुनीता दारातच उभी होती. म्हणाली, "बाबा, हे डिसगस्टिंग आहे. आणि तुम्ही हे फ्रिजमध्ये ठेवायचा ना, आईच्या टाइमला?"

ठेवायचो. हिच्या दह्याशेजारी. त्यावरून हिनं चार दिवस अबोला धरला होता. हिला जाऊन आता सहा वर्षं झाली, फ्रिजमध्ये जागाच जागा आहे, पण अळ्या मी शेडमध्येच ठेवतो.

शनिवारी सकाळी आमच्या मासेमारीच्या क्लबातले सगळे म्हातारे गळ-दोऱ्यांच्या दुकानात जमतात. विकत कोणी काही घेत नाही. ओले कोट घालून उभे राहतात, कोटांना कुत्र्यासारखा वास येतो, काचेला वाफ धरते. बोलणं एकच, स्प्रिंग कधी येतोय. एप्रिलात क्लबच्या तळ्याचं पाणी ऊन खाईल, कमळांची पानं वर येतील, पानांमधून बारीक बुडबुडे येतील, म्हणजे खाली टेंच चरतोय. टेंच हा हिरवा, बुळबुळीत, जाडसर मासा. ह्या म्हाताऱ्यांचं टेंचबद्दलचं बोलणं ऐकावं, आपल्याकडे फेब्रुवारीत लोक आंब्याबद्दल असंच बोलतात. कोणी मोहोर बघून आलेला असतो, कोणाला यंदा धरणार नाही अशी शंका असते.

आणि नदीचा कायदा असा, की मार्चच्या मध्याला नदी गळवाल्यांना बंद होते ती जूनच्या मध्यापर्यंत. माशांची वीण असते. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांखाली ठेवायचे, त्यातलाच प्रकार. म्हणजे हिवाळा असा वाहून गेला की नदीवरचं वर्ष फुकट गेलं, आता तळ्याची वाट बघायची. म्हणून सगळे आभाळाकडे बघून उसासे टाकतात. मीही टाकतो. स्प्रिंगची वाट माझ्याइतकी त्या दुकानात कोणीच बघत नसेल. पण टेंच माझ्या मनातही येत नव्हता. मार्चचा मध्य एकदा गेला, की नदीवर चल असं मला कोणी म्हणू शकणार नाही, एवढ्यासाठी मी दिवस मोजत होतो. आणि तोवर पाऊस थांबू नये असं मनातल्या मनात म्हणत होतो. त्या ओल्या कोटांच्या घोळक्यात उभा राहून, मान हलवून, "केव्हा थांबतोय कोण जाणे," असं म्हणत.

नदीवर चल म्हणणारा माणूस एकच. डेरेक.

डेरेक आणि मी गाड्यांच्या कारखान्यात रंगाच्या शॉपमध्ये होतो. मी बोटीवर खलाशी म्हणून निघालो तो फिरत फिरत इथे येऊन लागलो. शिक्षण चौथी, तेही मास्तर मारायचे म्हणून अर्धं. कारखान्यात मला सगळे 'जॉन' म्हणायचे. जनार्दन त्यांच्या जिभेला पेलत नव्हतं. डेरेकनं पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत खरं नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं आणि 'जना' वर येऊन थांबला. माझी आई मला तेच म्हणायची. त्याला ते ठाऊक असायचं कारण नाही. मी सांगितलंही नाही.

त्यानंच मला पहिल्यांदा नदीवर नेलं. मी गळ टाकला, पाऊण तासात चांगला वीतभर पर्च मासा लागला, मी त्याची मान मोडली आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. काठावरची माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी कोणाच्या पोराला हात लावला होता. डेरेकनं मला बाजूला घेऊन समजावलं. मासा धरायचा, बघायचा, हात ओला करून अलगद पकडायचा आणि परत सोडायचा. मला वाटलं चेष्टा करतोय. आमच्या खाडीवर असं कोणी सांगितलं असतं तर घरच्यांनी त्याला भगताकडे नेलं असतं. घरी आल्यावर हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "दिवसभर भिजायचं आणि रिकाम्या हातानं यायचं, मग जाता कशाला तिथे?"  मी पुढे चाळीस वर्षं जात राहिलो.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती आजवर कोणाला सांगितली नाही. मला इंग्रजी बोलता येतं, वाचता येतं ते दुकानाच्या पाट्यांपुरतं. कौन्सिलची, पेन्शनची, हॉस्पिटलची पत्रं मी कोटाच्या आतल्या खिशात घालून नदीवर न्यायचो. गळ टाकून झाला की डेरेक ती हळू आवाजात वाचायचा, पाण्याकडे बघत, जणू स्वतःचीच आहेत. लेकीला वाटतं मी वाचतो. असा हा माणूस.

पण पाण्याचं मला कोणी शिकवलेलं खपायचं नाही. डेरेकचंही नाही. दहाव्या वर्षापासून मी होडीत. पाण्याचा रंग, त्याचा वास, त्यावरचा फेस बघून वेळ सांगायचो. भरतीचं पाणी खाडीत चढत असतं, चढता चढता त्यावरचा फेस मंदावतो, पानं, काटक्या एका जागी थांबतात. घटकाभर सगळं उभं राहतं, आणि मग तोच फेस हळूच उलटा निघतो. ओहोटी लागली. आता तासाभरात काठ मोकळा होणार. हे बघायला मला कधी डोळे लागले नाहीत, ते अंगालाच कळायचं. क्लबात मी ह्याच तोऱ्यात वावरलो. तुमच्याकडे पुस्तकं असतील, गळाचे भारी रॉड असतील, पाणी मला कळतं.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा अगदी असाच होता. तेव्हाही डॅफोडिल आधी आले होते, तेव्हाही अळ्यांच्या माश्या झाल्या होत्या. सहा आठवडे आम्ही घरात कोंडलेले. डेरेक रोज संध्याकाळी फोन करून नदी किती इंच आहे ते सांगायचा. त्याच्या फोनवर दिसतं, वरच्या गावांत मोजपट्ट्या लावल्यात त्यांचे आकडे. मी म्हणायचो, आकडे सांगू नकोस, रंग सांग. फेब्रुवारीत तीन दिवस उघडीप मिळाली आणि आम्ही एव्हन नदीवर गेलो.

जागा अशी. गल्लीसारखा रस्ता, लाकडी फाटक, मग एक मोठं कुरण. कुरणाच्या मध्ये सखल भाग, त्यात एक जुना चर. चराच्या पलीकडे जमीन पुन्हा उंच होते, तिथे विलोचं झाड आणि नदीचा काठ. आम्ही विलोखाली बसलो. हवा अशी उबदार की हातमोजे काढून ठेवले. मातीचा वास, कुजलेल्या पानांचा वास, डेरेकच्या फ्लास्कमधल्या सूपचा वास. एक रॉबिन पक्षी येऊन माझ्या अळ्यांच्या डब्यावर बसला. सहा आठवड्यांनी काठावर बसल्याचा आनंद एवढा की मासा लागो न लागो.

दुपारी एकच्या सुमाराला झिमझिम सुरू झाली. डेरेकनं फोन काढला, चष्मा पुसला. "वरच्या दोन्ही मोजपट्ट्या चढल्यात, जना. निघू या."

"फोन काय पाण्यात हात घालून सांगतो?" मी म्हटलं.

तेवढ्यात मला ते दिसलं. विलोच्या मुळांपाशी फेसाचा एक पट्टा वाहत आला, मंदावला, थांबला. एक पान, एक काटकी, जागच्या जागी. आणि मग तो फेस हळूच उलट्या दिशेनं निघाला. माझ्या अंगानं ते लगेच ओळखलं. सत्तर वर्षांची सवय. मी बोट दाखवून म्हटलं, बघ, वळलं पाणी. तासाभरात उतरेल.

डेरेक म्हणाला, "ही नदी आहे. नदी वळत नाही."

साधं वाक्य. लहान पोरानंही सांगितलं असतं. समुद्र तिथून किती लांब, ओहोटी येणार कुठून. पाणी चढत होतं म्हणून झाडामागे भोवरा मोठा झाला होता आणि फेस त्या भोवऱ्यात उलटा फिरत होता, एवढंच. पण मला राग आला. मी काय बोललो ते आठवतं, विसरता आलं असतं तर बरं. तू जन्मभर गाड्यांना रंग मारलास, मी पाण्यात वाढलो. जायचं तर जा, मी बसतो.

तो बसला. माझ्यावर विश्वास ठेवून बसला, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला एकट्याला सोडून जायचं नाही म्हणून बसला. डावा खुबा बदललेला, हातात काठी, अशा माणसाला मी अजून पाऊण तास बसवून ठेवलं.

मग मी लघवीला म्हणून उठलो आणि मागे वळलो. कुरण नव्हतं. कुरणाच्या जागी आभाळ पडलेलं होतं. सपाट, करडं, हलत नसलेलं. चरातून पाणी मागच्या बाजूनं आत शिरलं होतं आणि फाटकापर्यंत सगळं भरलं होतं. आवाज काहीच नाही. नदी समोरून खळखळत होती आणि मागून हे पाणी मांजरासारखं येऊन बसलं होतं. त्या क्षणी माझ्या छातीत जे झालं ते मला आजही सिंकमध्ये पाणी गोल फिरत खाली जाताना होतं. मी सिंकचं बूच काढून तोंड फिरवतो.

बाकी थोडक्यात लिहितो. मी पुढे, लांब दांड्याच्या जाळ्यानं जमीन चाचपत. डेरेक मागे, माझ्या कोटाला धरून. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पाणी थंड नव्हतं, ह्याचीच भीती जास्त वाटली, जणू ते कोणाच्या तरी अंगातून आलं होतं. चराच्या जागी दांडा खाली गेला तो गेलाच. आम्ही बाजूनं जायला बघितलं आणि डेरेकचा चांगला पाय घसरला. माझ्या कोटावरचा हात सुटला. वळलो तर त्याची टोपी दिसत होती, तो नाही. मी कुठे हात घातला, काय धरलं, मला सांगता येत नाही. कॉलर हाताला लागली. तोंड वर आलं तेव्हा त्यानं जो आवाज काढला तसा आवाज मी माशाचा ऐकलेला नाही, माणसाचाही नाही. एक गमबूट चरानं ठेवून घेतला. फाटकापर्यंत आम्ही रांगत आलो. शेतावरच्या बाईनं ॲम्ब्युलन्स बोलावली.

वॉर्डाच्या दारात मॉरीन आली. डेरेकची बायको. लहानखुरी, करड्या केसांची, तोंडानं फटकळ. छत्री मिटलेली नव्हती, तशीच घेऊन आत आली होती. तिनं मला विचारलं, पाणी चढताना बसून राहायची कल्पना कोणाची.

मी म्हटलं, "डेरेकची. तुला माहीत आहे तो कसा आहे."

विचार करून बोललो नाही. खोकला येतो तसं ते आलं. तिनं आत जाऊन त्याच्या पांघरुणावर हात आपटला आणि त्याला म्हातारा गाढव म्हणाली आणि रडली. डेरेकच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यावरून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. खिडकीवर पाऊस होता.

त्याच्या छातीत पाणी झालं, तो महिनाभर आजारी होता, मग बरा झाला. बरा झाल्यावर तो बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. तो काही बोलला नाही. मॉरीन मात्र बोलत राहिली. जनानं तुला ओढून काढलं, नाहीतर तू गेला होतास. जनाला कळत होतं आणि तुला नाही. ख्रिसमसला तिनं माझ्यासाठी वेगळा केक केला, बेदाणे घालून, वरून बदाम लावून. मी तो खाल्ला. पुढच्या ख्रिसमसलाही खाल्ला. डेरेक समोर बसून चहा पीत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता, आणि हे त्याचं न बघणं मला आणखी भ्यायला लावायचं.

माणूस कशाला भितो हे मला नीट सांगता येत नाही. बोटीवर असताना मी वादळं बघितली, तेव्हा एवढा भ्यालो नव्हतो. तेव्हा पाणी मोठं होतं आणि मी बरोबर होतो. आता पाणी गुडघाभर होतं आणि मी चूक. जे एकच मला येत होतं, तेच माझ्या अंगानं मला खोटं सांगितलं. मग दुसऱ्या कशावर भरवसा ठेवायचा? रस्ता ओलांडताना गाडी किती लांब आहे ते मी दोन-दोनदा बघायला लागलो. गॅस बंद केला का ते उठून बघतो. सुनीताला वाटतं वय झालं. तिनं डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर पुण्याची बाई, मराठीत बोलली. "काका, झोप लागते ना? काही टेन्शन?" मी म्हटलं काही नाही. हवा दमट आहे एवढंच.

गेलं वर्ष डेरेक नदीवर गेला नाही, मॉरीननं जाऊ दिलं नाही. उन्हाळ्यात आम्ही तळ्यावर बसलो, तळं बिचारं कुठे जात नाही. पण यंदाच्या नाताळापासून त्यानं टुमणं लावलं. नदी बंद व्हायच्या आधी एकदा. किती वर्षं उरलीत, जना. मॉरीन आधी नाही म्हणाली. मग एक दिवस तिनं मला फोन केला आणि सांगितलं, तो ऐकत नाही, तुझ्याबरोबर असला तरच मी सोडीन. कारण तुला कळतं कधी उठायचं ते.

फोन ठेवल्यावर मी जिन्याच्या पायरीवर बसलो. 

त्या दिवसापासून मी पावसाच्या बाजूचा झालो. डेरेकनं फोन केला की मी म्हणायचो, अजून गढूळ आहे. अजून शेतं भरलीत. बघू पुढच्या आठवड्यात. असे पाच आठवडे काढले. दुकानातले म्हातारे हळहळत होते, मी आतून म्हणत होतो, पड बाबा, अजून तीन आठवडे पड. आणि फेब्रुवारीच्या शेवटी पाऊस थांबला. पूर्वेकडून कोरडा वारा सुटला, एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. सकाळी पन्हळ गप्प. ती गप्प आहे हे कळून मी उठून बसलो. नऊ वाजता डेरेकचा फोन आला. नदी पात्रात आली, खालचे दगड दिसायला लागले. त्याच्या आवाजात पोरगं होतं. म्हणाला, गुरुवारी.

बुधवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. चालतच गेलो, बस दोनदा शेजारून गेली तरी हात केला नाही. डेरेक मागच्या शेडमध्ये रॉडना तेल लावत होता. मॉरीन स्वयंपाकघरात. तिनं किटली लावली. मी कोट काढला नाही, खुर्चीवर बसलो नाही. म्हटलं, मला एक सांगायचं आहे, आणि सांगितलं. फेसाचं सांगितलं, ओहोटीचं सांगितलं, फोनबद्दल त्याला काय बोललो ते सांगितलं. इंग्रजी माझं तुटकं, पण त्या दिवशी शब्द कमी पडले नाहीत.

किटली उकळून खटकन बंद झाली. तिनं पाणी ओतलं नाही.

"दोन वर्षं मी त्याला बोलतेय," ती म्हणाली. "रोज. जेवताना. पाहुण्यांसमोर. दोन वर्षं."

मी म्हटलं, हो.

"का सांगितलं नाहीस?"

मी म्हटलं, भ्यालो. तू दार उघडणार नाहीस म्हणून भ्यालो. आणि आधी ह्याला भ्यालो, की पाणी मला कळत नाही हे लोकांना कळेल.

तिनं मागचं दार उघडून डेरेकला हाक मारली. तो तेलाचा फडका हातात घेऊन आला. दोघांचे चेहरे बघून त्याला समजलं असावं, कारण त्यानं फडका नीट घडी करून ठेवला. तिनं विचारलं, हा म्हणतोय ते खरं का. तो म्हणाला खरं. मग तू तोंड का उघडलं नाहीस, हे तिनं जरा मोठ्यानं विचारलं. 

"माझा एक गमबूट गेला होता," तो म्हणाला. "ह्याचं जास्त गेलं असतं."

मॉरीननं आम्हा दोघांनाही काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डेरेकला माझ्यापेक्षा जास्त. मग ती पाठमोरी उभी राहून सिंकमधला एक धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली. मला वाटलं आता जा म्हणेल. मी दाराकडे वळलोही होतो. ती पाठमोरीच म्हणाली, उद्या जा. मी गाडी घेऊन येणार, मी फाटकापाशी बसणार. आणि उठायचं कधी ते डेरेक सांगेल. तो सांगेल तेव्हा, पहिल्यांदा सांगेल तेव्हा. तू एक अक्षर बोलायचं नाहीस.

केकबद्दल ती काही बोलली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही.

गुरुवारी ऊन होतं, पातळ, पाण्यासारखं. मॉरीन गाडीत खिडकी खाली करून शब्दकोडं घेऊन बसली, पण पेन चालत नव्हतं, तिची नजर कुरणावरच होती. कुरणातलं गवत सगळं एका बाजूला विंचरल्यासारखं पडलेलं, तारेच्या कुंपणात काड्या-कचरा अडकलेला. चर ओलांडताना माझं पाऊल पुढे पडेना, म्हणून डेरेकनं त्याची काठी मला दिली आणि स्वतः माझ्या खांद्याला धरलं. कोण कोणाला नेतंय ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

आम्ही बसलो. त्यानं माझ्या खिशातलं एक पत्र मागून घेतलं आणि वाचलं, दातांच्या दवाखान्याचं होतं. नदी हिरवट, निवळलेली, काठाखाली. मी गळाला ब्रेडचा लगदा लावून मुळांपाशी सोडला. दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होतो. कुरण कुरणच होतं. मॉरीनच्या गाडीची काच चमकत होती. मान दुखायला लागली तरी वळून बघायचं थांबवता येत नव्हतं. मासे धरायला आलेला माणूस मी, पण अर्धा वेळ पाण्याकडे पाठ करून बसलो होतो.

तासाभरानं माझ्या रॉडचं टोक हललं. एकदा टक्. मग थांबलं. मग पुन्हा, जरा जोरात. ही चबची खूण. जाड ओठांचा मोठा मासा, ब्रेड आधी तोंडानं ढकलून बघतो आणि मग एकदम घेतो. दोन वर्षांत नदीवरचा पहिला. माझा हात रॉडच्या मुठीकडे गेला, आणि कानाशी डेरेक म्हणाला, "वेळ झाली, जना. चल."

पाणी एक इंच चढलेलं नव्हतं. आभाळ स्वच्छ होतं. फोन त्याच्या खिशातच होता. टोक थरथरत होतं आणि माझ्या तोंडात 'पाच मिनिटं' हे दोन शब्द येऊन उभे होते, दातांच्या आतल्या बाजूला. मी ते गिळले. रॉड उचलला आणि दोरा गुंडाळायला लागलो. गळ वर आला, ब्रेड अर्धा कुरतडलेला. मी खुर्ची मिटली, जाळं आवरलं, डबा बंद केला. सगळं होईपर्यंत गप्प होतो. मग राहवलं नाही. काय झालं, असं विचारलं. कुठे काय दिसलं तुला?

"काही नाही," डेरेक म्हणाला. "तू उठतोस का ते बघत होतो."

मी त्याला एक शिवी दिली, आमच्या खाडीवरची, चांगली लांबलचक. तिचा अर्थ त्यानं विचारला नाही. मग त्याची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली, त्याला पुढे घातलं, आणि त्याच्या पावलांवर पावलं ठेवत फाटकाकडे निघालो.